ओगोवेच्या काठी

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात, विषुववृत्ताच्या अगदी लगत, ओगोवे नावाची एक प्रचंड नदी वाहते. तिला असंख्य फाटे फुटलेले असून दोन्ही तीरांवरील अरण्य इतके दाट आहे की, जमीन कोठे संपली आणि पाणी कोठे सुरू झाले, हे पुष्कळदा कळतच नाही. १९१३ सालच्या एप्रिल महिन्यात या नदीतून एक लहान आगबोट संथपणे प्रवाहाविरुद्ध चालली होती. तिच्यावर युरोपातून आलेले एक जोडपे होते. पुरुष अडतीस वर्षांचा, उंचापुरा व भरघोस मिशांचा. स्त्री चौतीस वर्षांची, अंगाने किरकोळ आणि मुद्रेने शांत. ते डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेनबाई.

१६ एप्रिल रोजी आगबोट लांबारेने या गावी पोहोचली. तेथून ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीपर्यंतचा प्रवास एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरून काढलेल्या होड्यांतून करावयाचा होता. या होड्या अतिशय अरुंद असतात. मिशनच्या शाळेतील मुले त्या वल्हवीत होती व तालावर गात होती. परंतु नव्या पाहुण्यांचे पहिला अर्धा तास गाण्याकडे लक्षच नव्हते. होडी कलंडते की काय, या भीतीने ते जीव मुठीत धरून बसले होते. तासाभराने टेकडीवरचे घर दिसू लागले. चार खोल्यांचे, लोखंडी खांबांवर उभारलेले, सभोवार ओसरी असलेले ते लाकडी घर शाळेतील मुलांनी पानाफुलांनी शृंगारले होते. विषुववृत्ताजवळ संधिकाल फार थोडा वेळ टिकतो. सहा वाजले की काळोख दाटतो. त्या काळोखात मुले हातांत कंदील घेऊन आली आणि त्यांनी घरासमोर स्वागताचे गीत म्हटले. ती परत गेल्यावर नवे बिऱ्हाडकरू आत शिरले. घर बरेच दिवस बंद होते. आतील मोठमोठे कोळी आणि उडती झुरळे यांच्याशी लढाई केल्यावाचून त्या रात्री त्यांना अंथरुणाला पाठ टेकता आली नाही.

श्वाइट्झर हे त्या वेळीही युरोपात अज्ञात गृहस्थ नव्हते. १४ जानेवारी १८७५ रोजी अल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीच्या अमलाखाली होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्यामुळेच त्यांच्यावर मोठे संकट ओढवले. वडील धर्मोपदेशक होते व गुन्सबाख नावाच्या लहानशा गावी मुलाचे बालपण सुखात गेले. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी पांडित्य संपादन केले. ऑर्गन हे वाद्य ते उत्कृष्ट वाजवीत व बाख या थोर संगीतकारावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ सर्वत्र नावाजला गेला होता. परंतु एकविसाव्या वर्षीच त्यांनी मनाशी एक संकल्प केला होता. आपल्याला जे सुख लाभले ते सर्वांना लाभत नाही. तेव्हा तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांची उपासना करावयाची व त्यानंतरचे आयुष्य माणसांच्या प्रत्यक्ष सेवेत वेचावयाचे, असा तो संकल्प होता. सेवा कोणती, हे मात्र त्यांना उमगले नव्हते. १९०४ साली पॅरिसच्या मिशन संस्थेचे एक मासिक त्यांच्या हाती पडले. आफ्रिकेतील कामासाठी माणसे हवी आहेत, असे त्यात लिहिले होते. त्यांनी मासिक मिटले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले; शोध संपला होता.

पुढच्याच वर्षी, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षी, या प्राध्यापकाने वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून नाव घातले. नातलगांनी व मित्रांनी त्यांना परोपरीने समजावले. विद्वानाने रानात जाऊन फोड कापीत बसणे म्हणजे देणगीची नासाडी, असे बहुतेकांचे मत पडले. या बेतात प्रारंभापासून त्यांच्या बाजूने उभी राहिलेली व्यक्ती म्हणजे हेलेन ब्रेसलाउ.

हेलेनबाईंचे नाव पुष्कळ चरित्रांत ओझरते येते. ते तसे येऊ नये, असे मला वाटते. त्यांचा जन्म २५ जानेवारी १८७९ रोजी बर्लिन येथे एका ज्यू कुळातील इतिहासतज्ज्ञाच्या घरी झाला. वडील स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. श्रीमंत घरच्या मुलींनी घराबाहेर काम करण्याची चाल नव्हती, त्या काळी त्यांनी स्ट्रासबर्ग शहराच्या अनाथ मुलांच्या खात्यात निरीक्षक म्हणून अनेक वर्षे नोकरी केली. निराधार मातांसाठी आश्रय उभारण्याच्या कामीही त्या पुढे होत्या. श्वाइट्झर यांच्या ग्रंथांची मुद्रिते त्या तपासून देत. आफ्रिकेचा बेत ठरला तेव्हा त्यांनी आपली नोकरी सोडली व फ्रँकफर्ट येथे जाऊन परिचारिकेचे शिक्षण घेतले. डॉक्टर जाणार असतील तर त्यांच्याबरोबर रुग्णसेवा जाणणारे कोणी असले पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. १८ जून १९१२ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यांची प्रकृती मात्र मुळातच नाजूक होती.

आता मिशन संस्थेची अडचण पाहा. श्वाइट्झर यांची धर्मविषयक मते संस्थेच्या चालकांना फार स्वतंत्र वाटत असत. असा मनुष्य तेथे जाऊन उपदेश करू लागला तर घोटाळा होईल, अशी त्यांना धास्ती होती. श्वाइट्झर चालकांपैकी एकेकाच्या घरी जाऊन भेटले. आपण केवळ वैद्य म्हणून जाऊ आणि उपदेशाच्या बाबतीत मौन पाळू, असे वचन त्यांनी दिले. पैसाही मागितला नाही. ऑर्गनच्या मैफली, ग्रंथांचे उत्पन्न आणि मित्रांची मदत यांतून दोन वर्षे पुरेल इतकी रक्कम उभी केली. सामानाच्या सत्तर पेट्या भरल्या. कापूस, पट्ट्या, औषधे, शस्त्रे, भांडीकुंडी यांची यादी करणे, वस्तू खरेदी करणे व त्या नीट बांधणे हे काम कित्येक महिने चालले होते. मौनाचे वचन पुढे लवकरच सुटले. लांबारेनेतील मिशनऱ्यांना या माणसाची ओळख पटली, आणि त्यांनी स्वतःच त्यांना उपदेश करण्याची विनंती केली.

हे जोडपे येणार म्हणून पहिले काही आठवडे आजाऱ्यांनी येऊ नये, असा निरोप नदीकाठी धाडला होता. तो कोणी मानला नाही. शेकडो मैलांत दुसरा डॉक्टर नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून माणसे होड्या वल्हवीत येऊ लागली. पेट्या अद्याप मागेच होत्या, दवाखान्याला इमारत नव्हती आणि दुभाषाही नव्हता. डॉक्टर घरासमोर उघड्यावर रोगी तपाशीत. ऊन असह्य होई आणि संध्याकाळी पावसाची सर आली की सारी औषधे घाईघाईने ओसरीवर न्यावी लागत. अखेर त्यांनी मिशनमधील एक जुने खुराडे हेरले. त्यातील कोंबड्या बाहेर काढल्या, भिंतींना चुना फासला, फळ्या ठोकल्या व एक खाट टाकली. झाला दवाखाना तयार! त्याला खिडकी नव्हती, आणि छपराला भोके असल्यामुळे आतही दिवसभर डोक्यावर सोलाची टोपी ठेवावी लागे. तरी पाऊस आला असता सामान हलवावे लागत नाही, याचेच त्यांना केवढे सुख वाटले!

पुढे टेकडीखाली, नदीच्या जवळ, पन्हळी पत्र्याची एक इमारत उभी राहिली. एक खोली तपासणीची, एक शस्त्रक्रियेची व बाजूला दोन लहान खोल्या, एवढीच ती होती. रोग्यांसाठी ताडपत्री छपराची झोपडी बांधली. खाटांचा प्रश्न त्यांनी मोठ्या गमतीने सोडवला. काठीने जमिनीवर सोळा चौकोन आखले आणि रोग्यांच्या नातलगांच्या हाती कुऱ्हाडी दिल्या. त्यांनी रानातून दुबेळकी खांब तोडून आणले, वर आडवी लाकडे वेलींनी बांधली व त्यांवर वाळलेले गवत पसरले. खालची जागा मुद्दाम मोकळी ठेवली. तेथे रोग्याची भांडी आणि केळीचे घड राहत. रोग्याबरोबर त्याचे घरचे माणूस येई, तेच त्याला शिजवून घाली. आपल्याकडील खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्यांचा दिवस कसा जात असे ते पाहण्यासारखे आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास काम सुरू होई. प्रथम डॉक्टरांचा साहाय्यक उभा राहून गालोआ व पाहुईन या दोन भाषांत दवाखान्याचे नियम मोठ्याने सांगे. घराच्या आसपास थुंकू नये. वाट पाहताना मोठ्याने बोलू नये. आपला नंबर सकाळीच लागेल असे नाही, म्हणून दिवसभराची शिदोरी बरोबर आणावी. परवानगीवाचून मिशनच्या आवारात मुक्काम करू नये. औषधाच्या बाटल्या व पत्र्याच्या डब्या परत आणाव्यात. डब्या-बाटल्यांचे महत्त्व आपल्याला सहजी कळणार नाही. त्या दमट हवेत कागदाच्या पुडीतील औषध टिकत नसे व नवी बाटली युरोपातून यावयास महिने लागत. आणखी एक नियम असा होता की, महिन्याच्या मध्यास आगबोट आली असता ती परत जाईपर्यंत फार अडलेल्यांनीच यावे. कारण तेवढ्या दिवसांत डॉक्टर औषधांच्या मागणीची पत्रे लिहीत असत. ऐकणारे प्रत्येक वाक्याला मान डोलवीत. ते आपापल्या गावी जाऊन हे नियम इतरांनाही सांगत.

प्रत्येक रोग्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली पुठ्ठ्याची एक चकती असे. तिच्यावर क्रमांक लिहिलेला असून त्याच क्रमांकापुढे वहीत त्याचे नाव, रोग आणि दिलेले औषध यांची नोंद होई. मनुष्य वर्षाने परत आला तरी चकती पाहताच सारे उलगडत असे. ज्याने आयुष्यभर वर्गाची हजेरी घेतली आहे, त्याला ही युक्ती विशेष आवडावी. लोक बाटल्या हरवीत. चकत्या मात्र बहुधा जपून ठेवीत, कारण तिला ते ताईत समजत. डॉक्टरांना ते ओगांगा म्हणत. हा त्यांच्या भाषेत मांत्रिकाला असलेला शब्द आहे.

नियम सांगणाऱ्या त्या साहाय्यकाचे नाव जोसेफ. तो स्वतः रोगी म्हणून आला होता आणि पूर्वी स्वयंपाकी होता. त्याला लिहितावाचता येत नव्हते. परंतु आठ स्थानिक बोली व फ्रेंच भाषा तो बोले, आणि बाटलीवरच्या अक्षरांचे रूप लक्षात ठेवून नेमके औषध फळीवरून काढून देई. शरीराचे अवयव मात्र तो खाटकाच्या दुकानातील नावांनी ओळखत असे. त्यामुळे एखाद्याच्या मांडीत किंवा बरगडीत कळ येत असली म्हणजे मटणाचा कोणता तुकडा दुखतो आहे, हे तो डॉक्टरांना मोठ्या गंभीरपणे सांगे. त्याच्यावाचून पहिल्या वर्षी त्या दवाखान्याचे पान हलले नसते.

हेलेनबाईंचा दिवस दुहेरी असे. सकाळी घरची व्यवस्था लावावयाची. पाणी उकळून घ्यावयाचे, वाळवीने काही खाल्ले आहे काय ते पाहावयाचे, दमट हवेने कपड्यांना येणारी बुरशी झाडावयाची आणि जेवणात काय करावयाचे ते ठरवावयाचे. बटाटे त्या भूमीत होत नाहीत. पीठ, दूध, तांदूळ युरोपातून येई. एरवी केळी आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात ते कंद. मग त्या टेकडी उतरून दवाखान्यात येत. शस्त्रे त्यांच्या ताब्यात असत. शस्त्रक्रियेची सारी तयारी त्या करीत, रक्तापुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन व उकळून पुन्हा वापरण्याजोग्या करीत आणि अत्यवस्थ रोग्यांची शुश्रूषा पाहत. यांतले एकही काम डोळ्यांत भरण्यासारखे नाही. पण पट्टी नीट उकळली नाही तर उत्तम शस्त्रक्रियेचा रोगीही दगावतो.

साडेबारा वाजता जोसेफ डॉक्टरांच्या जेवणाची वेळ झाल्याचे पुकारी. दोन वाजता काम पुन्हा सुरू होई आणि सहा वाजता थांबे. दिवा लावून काम करण्याची सोय नव्हती, कारण दिव्यापाशी डास जमत व डासांबरोबर हिवताप येई. ज्यांची पाळी आली नाही त्यांना दुसऱ्या दिवशी यावे लागे. खरूज, सडणारी क्षते, हिवताप, आमांश, कुष्ठरोग, निद्रारोग अशी ती रांग होती. पहिल्या नऊ महिन्यांत जवळजवळ दोन हजार रोगी तपासले गेले.

त्या भागात अंतर्गळाचा विकार फार आढळे. कधी कधी आतडे अडकून पिळवटते. मनुष्य वेदनांनी जमिनीवर गडबडा लोळतो आणि काही दिवसांत मरतो. अशा एका रोग्यावर १५ ऑगस्ट १९१३ रोजी मिशनमधील मुलांच्या निजण्याच्या खोलीत शस्त्रक्रिया झाली, कारण पत्र्याची इमारत अद्याप पुरी व्हावयाची होती. हेलेनबाईंनी गुंगीचे औषध दिले आणि शस्त्र डॉक्टरांनी चालविले. रोगी वाचला. डॉक्टर माणसाला आधी मारतो, मग बरा करतो आणि नंतर पुन्हा जिवंत करतो, अशी बातमी नदीकाठच्या गावांतून पसरली. रोगी शुद्धीवर येऊन आपली वेदना नाहीशी झाल्याचे पाही आणि डॉक्टरांचा हात धरून ठेवी. तो क्षण श्वाइट्झर यांनी आपल्या पुस्तकात फार भक्तीने वर्णिला आहे.

रात्रीही स्वस्थता असतेच असे नाही. त्या अरण्यात मुंग्यांच्या फौजा हिंडत असतात. लक्षावधी मुंग्यांची ती रांग वाटेत येईल तो जीव फस्त करते. कोंबड्या बेचैन होऊन फडफडू लागल्या की घरात चाहूल लागे. डॉक्टर धावत जाऊन खुराड्याचे दार उघडीत, कारण कोंडलेली कोंबडी मुंग्यांच्या तावडीतून सुटत नाही. तोपर्यंत हेलेनबाई भिंतीवरचे शिंग काढून तीनदा फुंकीत. ती खूण ऐकताच दवाखान्यातील माणसे नदीवरून बादल्या भरून आणीत, पाण्यात लायसॉल कालवून घराखाली व सभोवार शिंपडीत. आणि हे चालू असता मुंग्या अंगावर चढून कडाडून चावत. एका आठवड्यात तीनदा असा हल्ला झाला होता.

एवढे सारे उरकल्यावर डॉक्टर पियानोपाशी बसत. पॅरिसच्या बाख मंडळाने त्यांना एक वजनदार पियानो भेट दिला होता. तो उष्ण व दमट हवेत टिकावा म्हणून आत जस्त लावले होते आणि ऑर्गनसारखा सराव व्हावा म्हणून पायपट्ट्या बसविल्या होत्या. आपले संगीत युरोपातच सोडून आलो असे ते समजत होते. येथे मात्र श्रोता नाही, घाई नाही. एकच रचना महिनेमहिने मनात घोळवावी, असा निवांतपणा त्यांना लाभला.

दीड वर्ष लोटले नाही तोच १९१४ सालचे महायुद्ध पेटले. लांबारेने फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि श्वाइट्झर पतिपत्नी कागदोपत्री जर्मन प्रजा. ५ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांना कळविण्यात आले की, ते आता आपल्याच घरात कैदी आहेत. दारावर आफ्रिकी शिपायांचा पहारा बसला. रोगी टेकडीखाली ताटकळत राहिले आणि डॉक्टर वर खोलीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी टेबलाशी बसून मानवी संस्कृतीवरील ग्रंथ लिहावयास घेतला. काही महिन्यांनी पहारा उठला व काम पुन्हा चालू झाले. परंतु युरोपातून येणारा पैसा आटला, औषधे संपत आली आणि कर्ज वाढले. जोसेफला पुरते वेतन देणे जमेना, तेव्हा तोही सोडून गेला.

हेलेनबाईंच्या प्रकृतीला ती हवा सोसेना. त्यांना विश्रांती मिळावी म्हणून १९१५ च्या सप्टेंबरात दोघे समुद्रकिनारी गेली असता, नदीच्या वरच्या अंगाला एका मिशनऱ्याची पत्नी आजारी असल्याचा निरोप आला. डॉक्टर मिळेल त्या आगबोटीने निघाले. सर्व नीतीचा पाया कोणता, हा प्रश्न त्यांना अनेक महिने छळीत होता. तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळत असता, बोट पाणघोड्यांच्या एका कळपामधून वाट काढीत होती. तेव्हा जीवनाविषयी आदर ही कल्पना त्यांना एकाएकी सुचली. जगण्याची इच्छा जशी मला आहे तशीच ती माझ्याभोवतीच्या प्रत्येक जीवाला आहे, आणि तिचा मान राखणे हेच चांगले वागणे, असा तिचा आशय आहे. पुढे त्यांचे सारे तत्त्वज्ञान या एका कल्पनेवर उभे राहिले.

१९१७ च्या सप्टेंबरात त्यांना कैदी म्हणून फ्रान्सला पाठविण्याचा हुकूम आला. सामान बांधून होत आले होते. निघण्यास दोन दिवस उरले असता आतडे अडकलेला एक रोगी येऊन पडला. अर्धवट भरलेल्या पेट्यांच्या पसाऱ्यातून शस्त्रे बाहेर काढली गेली आणि दोघांनी मिळून त्याची शस्त्रक्रिया केली. नंतर ती शस्त्रे पुन्हा पेटीत गेली व ती दोघे बोटीवर.

फ्रान्समधील छावण्यांतून त्यांचे कित्येक महिने गेले. डॉक्टरांना बोर्दो येथे आमांश झाला आणि तो पुढे बराच काळ त्यांना भोवला. पिरेनीज पर्वतातील थंडीने हेलेनबाई अधिकच खचल्या. १९१८ च्या जुलैमध्ये कैद्यांची अदलाबदल होऊन त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी, बापाच्याच जन्मदिवशी, म्हणजे १४ जानेवारीस, त्यांना मुलगी झाली. तिचे नाव रेना.

कर्ज फेडल्यावर श्वाइट्झर यांनी परत जाण्याची तयारी सुरू केली. हेलेनबाईंना क्षयाने ग्रासले होते आणि मूल पाच वर्षांचे. त्यांना बरोबर नेणे अशक्य होते. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात, पाइनच्या कोरड्या हवेत, मायलेकींसाठी एक घर बांधले गेले. ज्या दवाखान्यासाठी हेलेनबाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले, ज्याच्या पट्ट्या चार वर्षे उकळल्या, तेथे आता पती एकटेच जाणार होते. त्यांनी संमती दिली. त्या संमतीचे ऋण श्वाइट्झर यांनी आपल्या आत्मचरित्रात स्पष्टपणे मान्य केले आहे. तरीही ती देताना हेलेनबाईंना काय वाटले असेल, हे वाचकाने आपल्याशीच ताडून पाहावे. फेब्रुवारी १९२४ मध्ये डॉक्टर निघाले. दोन वर्षांत परत येईन, असा अंदाज होता. तेथे जाऊन पाहतात तो पत्र्याची इमारत आणि एका झोपडीचा सांगाडा एवढेच शिल्लक. बाकी सर्वत्र रान माजलेले. जोसेफ मात्र परत आला. पुढे दुष्काळ पडला, आमांशाची साथ उसळली, जागा अपुरी पडू लागली आणि नदीच्या वरच्या अंगाला नवे रुग्णालय बांधावे लागले. ते परतले १९२७ सालच्या जुलैमध्ये. तोपर्यंत रेना आठ वर्षांची झाली होती.

१९२९ च्या अखेरीस हेलेनबाई पुन्हा पतीबरोबर गेल्या; परंतु काही महिन्यांतच तापाने त्यांना परतावे लागले. मग त्यांनी दुसरी वाट धरली. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन लांबारेनेसाठी त्यांनी साहाय्यक मिळवले. हिटलरच्या काळात ज्यू कुळातील जन्मामुळे त्यांना युरोपात राहणे धोक्याचे झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत फ्रान्स सोडून, लिस्बन व अंगोला या मार्गाने, ऑगस्ट १९४१ मध्ये त्या लांबारेनेस येऊन थडकल्या. तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. थकलेल्या परिचारिकांना एकेकीला विश्रांती द्यावयाची आणि तिच्या जागी आपण उभे राहावयाचे, असा क्रम त्यांनी १९४६ पर्यंत चालविला.

श्वाइट्झर यांना १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली ते ऑस्लो येथे गेले तेव्हा हेलेनबाई त्यांच्याबरोबर होत्या. त्या पैशातून कुष्ठरोग्यांची वसाहत बांधून पुरी झाली. ते आफ्रिकी माणसाला आपला भाऊ मानीत, पण धाकटा भाऊ. बरोबरीचा नव्हे, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. तो निराधार नाही. १९६० साली गॅबॉन देश स्वतंत्र झाला, तेव्हा श्वाइट्झर पंचाऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचा हा स्वभाव बदलण्याचे दिवस निघून गेले होते.

१९५७ च्या मे महिन्यात हेलेनबाईंना अतिशय खालावलेल्या अवस्थेत युरोपात न्यावे लागले. १ जून रोजी झुरिच येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी लांबारेनेस आणून डॉक्टरांच्या घराजवळ, नदीच्या बाजूस पुरण्यात आल्या. ४ सप्टेंबर १९६५ रोजी नव्वदाव्या वर्षी श्वाइट्झर यांनी त्याच घरात देह ठेवला, आणि त्यांना हेलेनबाईंच्या शेजारीच मूठमाती देण्यात आली. रुग्णालयाचा कारभार त्यानंतर काही वर्षे रेनाने पाहिला. १९८१ साली जवळच नवे रुग्णालय उभे राहिले. जुन्या लाकडी इमारती संग्रहालय म्हणून जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यासमोरून ओगोवे वाहते.